वायर बदलून काय उपयोग?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्याचा सर्व्हर मी बघतो. त्यावर केव्हीएम या सॉफ्टवेअरनं चालवलेल्या दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरच्या पोटातले दोन संगणक, आहेत: एकीत डेटाबेस, दुसरीत विंडोज आणि बिलिंग. परवा मालकांचा फोन आला, "ओ साहेब, बिल निघंनाच झालंय की!"

मी आधी नेटवर्कची वायर बदलली, मग नेटवर्कचा स्विच. निव्वळ येडेपणा! एकाच होस्टवरच्या, म्हणजे मूळ सर्व्हरवरच्या, आणि एकाच ब्रिजला (सॉफ्टवेअरमधल्या स्विचला) जोडलेल्या दोन मशीनमधला डेटा वायरीपर्यंत जातच नाही, होस्टच्या मेमरीतूनच इकडचा तिकडे होतो.

मग दोन मशीनमधला नेटवर्कचा वेग मोजायला आयपर्फ चालवलं. त्यात डिस्कचा संबंध नसतो, तरी वेग रडतखडत. होस्टच्या सीपीयूचा एक कोअर मात्र पूर्ण जुंपलेला. तिथं ट्यूब पेटली. विंडोजच्या मशीनला ई१००० नेटवर्क कार्ड लावलेलं होतं, म्हणजे इंटेलच्या जुन्या कार्डाची सॉफ्टवेअरमधली नक्कल. ती वठवण्यातच सीपीयू दमतो. व्हर्टआयओ हे खास व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेलं कार्ड; त्यात हे सोंग नसतं, म्हणून ते हलकं.

विंडोजमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर मुळात नसतो, तो आयएसओवरून (डिस्कच्या इमेज फाइलवरून) आधी टाकला. मशीन बंद केली, कार्डाचा प्रकार बदलला, चालू केली... आणि नेटवर्कच गायब! विंडोजला हे नवंच कार्ड वाटतं. जुना स्थिर आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) भरायला गेलो तर म्हणे तो दुसऱ्या कार्डाकडे आहे. काढून टाकलेलं कार्ड भूत होऊन बसलेलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून ते उडवलं, आयपी भरला.

संध्याकाळी मालकांनी बिल काढून बघितलं. "आता कसं!" एवढंच म्हणाले. स्विचचे पैसे मात्र मी मागितले नाहीत.