खिसे रिकामे करायची पद्धत (वजनकाट्यासकट)

मेच्या शेवटी, वळीव पडून गेला त्या रविवारी, मिसेसच्या किचनमधल्या डिजिटल काट्यावर माझ्या खिशातलं सगळं ठेवून बघितलं. ९१० ग्रॅम भरलं. मोबाईल धरून हां. म्हणजे जवळजवळ किलोभर ऐवज मी रोज कोल्हापुरातल्या उद्यमनगरला नेत होतो आणि संध्याकाळी परत घरी आणत होतो, आणि त्यातल्या निम्म्या वस्तूंना वर्षभरात हात पण लागला नव्हता.

याला इंग्लिश व्हिडिओत एव्हरीडे कॅरी म्हणतात, ईडीसी. त्यात ती पोरं टायटॅनियमचा चाकू, पितळी पेन, चामड्याचं पाकीट असं लाकडी टेबलावर ओळीनं मांडून दाखवतात. आपल्याकडं आज्जाची चंची होती तीच ईडीसी. कापडाची, घडीची, दोरी गुंडाळायची, आत कप्पे, एकात पानं, एकात सुपारी, चुन्याची डबी, कात, तंबाखू, अडकित्ता, आणि सगळ्यात आतल्या कप्प्यात घडी घालून घालून चार ठिकाणी फाटलेली दहाची नोट. आज्ज्याला अंधारात पण कुठला कप्पा कशाचा ते कळायचं. माझ्या पाकिटात उजेडात पण सापडत नव्हतं.

तर पद्धत सांगतो. वर्षातून दोनदा करायचं, एकदा पावसाळ्याच्या तोंडावर आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. पेपर अंथरायचा, चादर नको, चादरीच्या सुरकुतीत नाणी जातात. पँटचे खिसे, शर्टाचा खिसा, ऑफिसची सॅक, गाडीची डिकी सगळं त्या पेपरवर पालथं करायचं. डिकी विसरू नका, खरा कचरा तिथंच असतो, माझ्या डिकीत २०२० सालची सॅनिटायझरची बाटली निघाली, आतलं सगळं उडून गेलेलं आणि नुसता वास राहिलेला.

मग तीन ढीग. या आठवड्यात वापरलं ते एक. या वर्षात एकदा तरी वापरलं ते दुसरं. आणि हे कशाला आहे तेच आठवत नाही ते तिसरं. तिसऱ्या ढिगाला लगेच हात लावू नका, आधी प्रत्येक वस्तूला विचारायचं की बाई तू कुठल्या फजितीनंतर आलीस. कारण माझं मत असं झालंय की खिशात कुठलीच वस्तू विचार करून येत नाही, फजिती झाली की दुसऱ्या दिवशी येते आणि मग फजितीचं कारण संपलं तरी वस्तू काय जात नाही. माझ्या शर्टाच्या खिशात टेस्टर होता. का? तर १२-१४ वर्षांपूर्वी वर्कशॉपमधला बोर्ड बघताना झटका बसला होता म्हणून. आता तो बोर्ड नाही, ते वर्कशॉप पण नाही, टेस्टर मात्र खिशात, आणि दर दोन-तीन महिन्यांनी शर्टाला भोक पाडतोय. सहा इंची स्टीलपट्टी मात्र ठेवली, ती रोज लागते, आणि चहाच्या टपरीवर पण चार जण मागून घेतात.

पाकीट वेगळं काढून बघा. माझं पाकीट महाद्वार रोडवर घेतलेलं, मागच्या खिशात राहून राहून त्याला बरोबर माझ्या बैठकीचा आकार आलेला, टेबलावर ठेवलं की होडीसारखं डुलायचं. जाड पाकिटावर रोज आठ तास बसलं की एक बाजू उचलली जाते आणि कमरेपासून पायापर्यंत जाणाऱ्या नसेवर दाब येतो, डॉक्टर सांगतात ते खरंय, मला डाव्या पायाला मुंग्या यायच्या. पाकीट पुढच्या खिशात घ्या. पुढं घेतलं की जाड पाकीट टोचतं, मग आपोआप पातळ करावं लागतं, हा फायदा वेगळाच.

पातळ करताना सगळ्यात आधी बिलं. मशीनमधून येणारी ती गुळगुळीत कागदाची बिलं शाईनं छापत नाहीत, कागदालाच उष्णतेनं काळं होणारं कोटिंग असतं, त्यामुळं खिशातल्या उबेनं आणि घामानं ती उडून जातात. मिक्सरच्या वॉरंटीचं बिल मी दीड वर्ष जिवापाड जपलं, दुकानात काढलं तर कोरा कागद. दुकानदार हसला, मी पण हसलो, दुसरं काय करणार. तर बिल हातात आलं की तिथंच फोटो काढायचा.

मग कार्डं. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये घ्या. केंद्राच्या परिवहन खात्यानं २०१८ लाच राज्यांना कळवलंय की त्यातली कागदपत्रं ओरिजिनलसारखी धरायची. पण गॅलरीतला फोटो किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेली कॉपी म्हणजे ते नव्हे, ॲप उघडून दाखवावं लागतं, आणि बऱ्याच जणांचं इथंच चुकतं. मी ओरिजिनल लायसन्स तरी पण गाडीच्या कागदांबरोबर ठेवतो, मोबाईल बंद पडला तर चौकात उभं राहून काय दाखवणार. आधार मात्र घरी. लागलंच तर मास्क्ड आधार डाउनलोड करून घ्या, त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात, शेवटचे ४ फक्त दिसतात.

आता मोबाईलनं काय काय खाल्लं त्याचा हिशोब करून बघा, मजा येते. १९९८ ला मी पॉलिटेक्निकला होतो तेव्हा खिशात एक रुपयाची नाणी लागायची, लाल कॉईन बॉक्ससाठी, आणि शर्टाच्या खिशात नंबरांची छोटी डायरी. आण्णांच्या हाताला एचएमटीचं घड्याळ, खिशात कंगवा आणि केएमटीचा, म्हणजे सिटी बसचा पास. मग नोकिया ११०० आला, त्याला वर टॉर्च होती, तर पेन्सिल सेलची बॅटरी घरी राहिली. मग घड्याळ गेलं, डायरी गेली, २०१६ च्या नोटाबंदीनंतर हळूहळू सुट्टे पैसे गेले, आता कटवड्याच्या गाडीवर पण क्यूआर कोड. प्रत्येक वेळी एक वस्तू कमी झाली आणि मोबाईलवरचा भार एकानं वाढला. म्हणून दुसऱ्या ढिगात काय राहू द्यायचं हे ठरवताना एकच प्रश्न विचारायचा, मोबाईल मेला तर मी घरी पोचतो का?

हे मला ऑगस्ट २०१९ च्या महापुरानं शिकवलं. आमच्या भागात लाईट गेली, मग रेंज गेली, हायवे शिरोलीजवळ पाण्यात, एटीएमवर शटर. खात्यावर पैसे असून दूध आणता येईना. शेजारच्या काकूंनी पिठाच्या डब्यातून पाचशेची नोट काढून दिली, अजून आठवतं, नोटेला ज्वारीचं पीठ लागलेलं. तेव्हापासून माझ्याकडं शंभरच्या पाच नोटा असतात. पाचशेची एक नाही, पूर आला की सुट्टे कुणाकडंच नसतात. आणि या नोटा मोबाईलच्या कव्हरमध्ये घालू नका, पोरं घालतात, अरे मोबाईल हरवला की नोटा पण गेल्या की. पाकिटाच्या आतल्या कप्प्यात, गोकुळच्या दुधाची रिकामी पिशवी धुवून वाळवून तिच्यात गुंडाळून ठेवायच्या, पावसात भिजत नाहीत आणि बाहेरून कळत पण नाही. त्याच पिशवीत एक चिठ्ठी, घरचा नंबर, भावाचा नंबर, रक्तगट आणि मोबाईलचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक मोबाईलचा वेगळा असणारा ओळख नंबर. *#०६# दाबलं की आयएमईआय दिसतो. मोबाईल चोरीला गेला तर पोलिसात तक्रार देऊन संचार साथी या सरकारी वेबसाईटवर तो ब्लॉक करता येतो, पण त्यासाठी नंबर माहीत पाहिजे आणि तो नेमका चोरीला गेलेल्या मोबाईलमध्येच असतो. नेट नसताना पैसे पाठवायला *९९# चालतं, त्याला रेंज मात्र लागते, आणि ते आधी घरी निवांत बसून एकदा वापरून बघा, पुरात शिकायला जाऊ नका.

पॉवर बँकेबद्दल लई गैरसमज आहे. १०००० एमएएच लिहिलंय म्हणजे मोबाईलची ५००० ची बॅटरी दोनदा भरेल असं होत नाही. आतला सेल ३.७ व्होल्टचा, बाहेर ५ व्होल्ट करून द्यावं लागतं, त्यात आणि उष्णतेत जाऊन हातात ६०००-६५०० च्या आसपास पडतं. रोज घर ते उद्यमनगर असेल तर नेऊच नका, ऑफिसात चार्जर ठेवा. फिरतीवर असाल तर घ्या, आणि विमानानं जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत आणि चाकू, स्क्रू-ड्रायव्हर असलं काही चेक-इनमध्ये, उलटं करू नका. माझा चांगला घडीचा चाकू असाच एका एअरपोर्टवर राहिला, चूक माझीच.

पावसाळ्यात वेगळा सेट करा. चामड्याचं पाकीट जून ते सप्टेंबर कपाटात, नाहीतर पांढरी बुरशी येते, एकदा आली की पुसली तरी वास राहतो. रेग्झिनचं स्वस्तातलं वापरा. कपाटात ठेवायच्या आधी कोरड्या फडक्यानं पुसून, पेपरात गुंडाळून, प्लॅस्टिकमध्ये अजिबात नाही. कडेची शिवण उसवली असेल तर टाकू नका, चपला शिवणाऱ्याकडं न्या, पाच मिनिटात होतं.

एक वस्तू मात्र वाढवली. गेल्या वर्षापासून मेनूकार्ड लांब धरून वाचायला लागलो, मुलगी म्हणाली, "पप्पा, अजून लांब धरायला तुमचा हात पुरणार नाही." (आमच्याकडं पोरी पण "मी निघालो", "मी जेवलो" म्हणतात, त्यामुळं फोनवर तिचं बोलणं ऐकून पुण्याची पाव्हणी मुलगा समजतात.) तर चाळिशी लागली. नाव काय बरोबर ठेवलंय, वय पण तेच आणि चष्मा पण तोच. दोन करून घ्या, एक खिशात आणि एक ऑफिसात, आणि खिशातला केसशिवाय ठेवू नका, स्टीलपट्टीनं काच खरवडते, माझी पहिली तशीच गेली. बीपीची एक गोळी पण त्याच केसमध्ये बसते, स्ट्रिप कापून, एक्सपायरीची तारीख असलेला तुकडा मात्र कापून टाकायचा नाही.

राहिल्या किल्ल्या. जुडग्यात नऊ होत्या, रोजच्या तीन. एक विकलेल्या गाडीची, एक जुन्या भाड्याच्या खोलीची, दोन कशाच्या ते देवाला ठाऊक. माहीत नसलेली किल्ली लगेच टाकू नका, घरातल्या सगळ्या कुलपांना लावून बघा, लागली तर तिला सेलोटेप लावून नाव लिहा. नाही लागली तर एका डब्यात टाका, डब्यावर तारीख घाला, पुढच्या दिवाळीपर्यंत कुणी विचारलं नाही तर मोडीत द्या. त्यातली एक आण्णांच्या सायकलच्या कुलपाची निघाली. सायकल १९९४ ला विकली. ती किल्ली परत जुडग्यात घातली, ६ ग्रॅम आहे.

सगळं झाल्यावर परत काट्यावर ठेवलं. ५३५ ग्रॅम, चाळिशी धरून.