रक्तमूळपेशी टिकेनात, तेव्हा

उंदराच्या अस्थिमज्जेतल्या रक्तमूळपेशी (ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्या) प्रयोगशाळेत वाढवताना माझ्या हाती तीनदा निराशाच आली. आठवड्याभरात छोट्या, गोल, चमकदार पेशींच्या जागी मोठाल्या, दाणेदार पेशी दिसायच्या. संख्या वाढत होती, पण मूळपणा, म्हणजे नव्या रक्तपेशी घडवत राहण्याची क्षमता, जात होता. आधी मी थ्रोम्बोपोएटिन आणि एससीएफ (स्टेम सेल फॅक्टर) या वाढीच्या प्रथिनांच्या मात्रेवर संशय घेतला. ते चुकलं. खरा घोळ पेशींच्या पोषक द्रवात, म्हणजे माध्यमात, घालायच्या अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचा होता: प्रत्येक बॅच वेगळी, त्यात नको ती अशुद्धी.

२०१९ मध्ये मूळपेशी संशोधक हिरोमित्सु नाकाउचींच्या गटाने अल्ब्युमिनऐवजी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा कृत्रिम पॉलिमर वापरून दाखवलं होतं, तोच मार्ग धरला. पावडर एकदम गरम पाण्यात टाकू नका, गुठळ्या होतात. आधी थंड पाण्यात ढवळा, मग तापवा. माध्यमात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम पुरतं. प्लेटला फायब्रोनेक्टिनचा (पेशींना चिकटायला मदत करणाऱ्या प्रथिनाचा) लेप हवाच.

माध्यम बदलताना मात्र जीव मुठीत धरावा लागतो! पेशी तळाला जेमतेम चिकटलेल्या असतात. पिपेटचं टोक कडेला टेकवून हळूच ओढायचं आणि थोडं माध्यम मागे ठेवायचं.

आता चमकदार पेशी टिकतात. तरी मार्करवर, म्हणजे पेशीची ओळख सांगणाऱ्या पृष्ठभागावरच्या खुणांवर, मी विसंबत नाही. प्रत्यारोपणानंतर १६ आठवड्यांनी उंदराच्या रक्तात त्यांची संतती दिसते का, हे तपासतोच.