'पाणी*' शोधलं आणि पुणे सापडलं

एका पाक्षिकाच्या जुन्या अंकांसाठी शोधाची सोय करत होतो. डेटाबेस एसक्यूलाइट, शोधाला त्यातलंच एफटीएस५, म्हणजे मजकुरात शब्द शोधण्याची सोय. 'पाणी*' टाकलं (स्टार म्हणजे 'पाणी'ने सुरू होणारा कुठलाही शब्द), तर पाणीपुरवठ्याच्या बातम्यांत पुणे महापालिकाही घुसलेली. अर्धा दिवस मी त्या स्टारलाच शिव्या घालत होतो.

स्टार बिचारा निर्दोष होता. एफटीएस५चा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग), म्हणजे युनिकोड६१, मुळात अक्षरं आणि अंक एवढ्यांनाच शब्दाचा भाग धरतो. आपला काना, मात्रा, वेलांटी, उकार, पाय मोडल्याची खूण हे सगळे युनिकोडच्या लेखी 'अक्षर' नाहीत, 'मार्क' आहेत. तिथे तो शब्द तोडतो. 'पाणी'चे तुकडे झाले 'प' आणि 'ण'. 'पुणे'चेही तेच! उपाय असा: टेबल बनवतानाच टोकनायझरच्या 'कॅटेगरीज'मध्ये 'एल* एन* सीओ' (L* N* Co) या मूळ गटांपुढे मार्कचे गट 'एमएन एमसी' (Mn Mc) जोडा. बनलेल्या टेबलावर हा बदल करता येत नाही. नवं टेबल करून मजकूर पुन्हा भरायचा.

दुसरी चूक अवतरणाची. "पाणी"* असा स्टार बाहेर हवा. "पाणी*" असा आत गेला तर टोकनायझर तो गाळून टाकतो आणि फक्त नुसता 'पाणी' शब्द शोधला जातो. एररही येत नाही, त्यामुळे लक्षात यायला वेळ लागतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये नेमकं उलटं, तिथे स्टार अवतरणाच्या आतच लागतो. दोन्हीकडे काम करणाऱ्याचा इथे हमखास घोळ होतो.

एसक्यूएलमधल्या साध्या 'लाइक' शोधाची सवय असलेले स्टारऐवजी % टाकतात. एफटीएस५ त्यावर सरळ सिंटॅक्स एरर देतं. वापरणारा 'पाणी-प्रश्न' असंही टाइप करणारच, म्हणून त्याने दिलेला शब्द नेहमी दुहेरी अवतरणात घाला, आतलं दुहेरी अवतरण दोनदा लिहा आणि मग बाहेर स्टार.

'*पुरवठा' असा पुढे स्टार चालत नाही. शब्दाच्या मधलं शोधायचंच असेल तर ३.३४ आवृत्तीपासून ट्रायग्रॅम (तीन-तीन वर्णांचे तुकडे पाडणारा) टोकनायझर आहे, पण एफटीएस५च्या 'मॅच' शोधाला किमान तीन युनिकोड वर्ण लागतात. 'घर' शोधाल तर हाती शून्य.

एवढं करूनही 'पाण्याची टाकी' सापडेना. ते आपल्या सामान्यरूपाचं देणं. 'पाणी*'ला पाणीटंचाई मिळते, 'पाण्यात' मिळत नाही. रस्ता-रस्त्यावर, तळं-तळ्यात यांचंही तसंच. मी 'पाणी*' आणि 'पाण्या*' यांच्यामध्ये 'ऑर' (OR, म्हणजे 'किंवा') घातला. तो कॅपिटलमध्येच लिहा, नाहीतर तोही शोधायचा शब्द ठरतो. 'पाण*' टाकून एका फटक्यात काम उरकण्याचा मोह झाला होता, पण मग पाणबुडी येते आणि पाणउताराही.