बाथरूमच्या छतावरची बुरशी
न्यू जर्सीतील आमचे घर बिल्डरने १९९४ साली एकाच साच्यात बांधलेल्या वसाहतीतले असून, वरच्या बाथरूमच्या छतावर दर हिवाळ्यात धरणारी काळी बुरशी दोनदा रंग देऊनही परत उमटत असे. बाथरूमच्या दुरुस्तीसाठी आलेले जनरल कॉन्ट्रॅक्टर टाइल्सना हात लावण्याआधी छपराखालच्या माळ्यावर चढले, तेव्हा एक्झॉस्ट पंख्याची नळी छपराबाहेर न काढता इन्सुलेशनवर (थंडी अडवणाऱ्या थरावर) नुसतीच टाकून दिलेली आढळली. आंघोळीची वाफ छपराच्या आतल्या बाजूच्या गार प्लायवूडवर साचून खिळ्यांच्या टोकांवरून थेंब थेंब गळत होती. हे पाहून मला फार वाईट वाटले. त्यांनी ४ इंची पत्र्याचा डक्ट इन्सुलेशन गुंडाळून छपराबाहेर काढला, त्याच्या तोंडाला झडप बसवली आणि ५० सीएफएमऐवजी (मिनिटाला इतके घनफूट हवा ओढणारा) ८० सीएफएमचा पंखा लावला. आंघोळीनंतर तो आम्ही २० मिनिटे चालू ठेवतो. यंदाच्या जानेवारीत माळ्यावरचे प्लायवूड कोरडे होते.