सारंगखेड्याच्या बाजारात पांढरा घोडा मळकट का येतो?

दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात शिकाऊ फोटोग्राफर हमखास अडतो तो पांढऱ्या घोड्यापाशी. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारा भाग, समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो, म्हणून फ्रेमभर पांढरा घोडा घेतला की तो मळकट येतो आणि काळा फिकट. पांढऱ्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +२/३ ते +१ ठेवा, काळ्यासाठी −२/३. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या कडेला चिकटला तर कॉम्पेन्सेशन १/३ ने कमी करा.

धावता घोडा स्थिर हवा असेल तर शटर १/१००० सेकंद. वेग दाखवायचा तर १/३० ते १/६०, फोकस कंटिन्युअस (हलत्या घोड्यावर सतत जुळत राहणारा), आणि बटण दाबल्यावरही कॅमेरा घोड्यासोबत फिरवत राहा. हात थबकला की घोड्याचं डोकंही पुसट होतं. दहात एखादा जमला तरी उत्तमच.

धुळीत लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करून, तोंड खाली धरून. काच पुसण्याआधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा, नाहीतर रेतीचे कण कोटिंगवर ओरखडे पाडतात.

फ्लॅश मुळीच नको, घोडा बुजतो. त्याच्या मागे तर कधीच उभं राहू नका. मालकाला विचारून खांद्याच्या बाजूने जवळ जा.