ब्रसेल्सला हरकती-सूचना पाठवायच्या आधी

युरोपात शिकायला आलेल्या आणि इथेच वाढलेल्या मराठी मुलामुलींसाठी ही तयारी लिहून ठेवते आहे. ऊर्जा आणि हवामानाच्या धोरणावर बोलायचं असेल तर आधी मनातली एक शंका काढून टाका. 'आपण इथले नागरिक नाही, आपलं कोण ऐकणार?' असं मला दर वेळी कुणीतरी विचारतंच. १९९८च्या आऱ्हुस कराराने पर्यावरणाविषयी माहिती मिळवण्याचा आणि निर्णयात भाग घेण्याचा हक्क देताना नागरिकत्वावरून भेदभाव करायला स्पष्ट मनाई केली आहे, आणि युरोपीय संघ त्या करारात सामील आहे. ब्रसेल्समधला युरोपीय आयोग, म्हणजे संघाच्या कायद्यांचे प्रस्ताव मांडणारी संस्था, ज्या ऑनलाइन अर्जावर सूचना घेते त्यात 'संघाबाहेरचा नागरिक' असा पर्यायच असतो. दहा लाख सह्या जमवून आयोगाकडे कायद्याची मागणी करण्याचा 'नागरिक पुढाकार' मात्र फक्त संघातल्या नागरिकांसाठी आहे. ज्यांच्याकडे इथला पासपोर्ट आहे त्यांनी मतदार यादीत नाव आहे का ते बघून घ्यावं. २०२४च्या युरोपीय निवडणुकीत जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम आणि माल्टात सोळाव्या वर्षी मत देता आलं, ग्रीसमध्ये सतराव्या.

मग विषय ठरवा, आणि एकच ठरवा. 'पृथ्वी वाचवा' असं लिहिलेल्या कागदाचं कुणी काही करू शकत नाही. मी घर तापवण्याचा विषय सुचवेन, कारण युरोपातल्या घरांमध्ये लागणाऱ्या ऊर्जेचा सर्वात मोठा वाटा त्यातच जातो आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाला तो अंगावर कळतो. माझी भाची जर्मनीत एका जुन्या घराच्या माळ्यावर राहते. खिडकीला एकेरी काच. सकाळी काचेवरून पाणी ओघळतं, म्हणून चौकटीवर कायम एक घडी केलेला टॉवेल. हीटर पाचवर, म्हणजे सर्वात वरच्या खुणेवर ठेवला तरी खोली सतरा अंशांच्या वर जात नाही. वर्षाचं बिल आलं तेव्हा तिने फोनवर पहिला प्रश्न केला, "मावशी, मीच जास्त वापरते का गं?" तिचा काहीच दोष नव्हता. काच बदलायचा खर्च घरमालकाचा आणि बिल भाडेकरूचं, मग काच बदलणार कोण? ही गाठ धोरणानेच सुटते. जर्मनीत २०२३पासून गॅस-तेलावरचा कार्बन खर्च (ते जाळल्यावर निघणाऱ्या कार्बनपोटी लागणारी रक्कम) मालक आणि भाडेकरूत दहा टप्प्यांनी वाटला जातो, आणि सर्वात वाईट घरात ९५ टक्के मालकावर पडतो.

म्हणून बिल शोधून काढा आणि ही विभागणी त्यात दाखवली आहे का ते पाहा. घराला किती ऊर्जा लागते ते सांगणारं ऊर्जा प्रमाणपत्र मागून घ्या. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ खोलीचं तापमान वहीत लिहा, खिडकीचा फोटो काढा. तुमच्यापाशी असलेला हा पुरावा मंत्रालयातल्या कुणापाशी नसतो.

आता तो लावायचा कुठे ते ठरवा. इमारतींच्या ऊर्जावापराविषयी संघाचा २०२४चा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बांधणारा कायदा आहे; त्याप्रमाणे प्रत्येक देशाला घरांच्या नूतनीकरणाची योजना करायची आहे. तिच्या मसुद्यावर जनतेचं म्हणणं घेणं बंधनकारक आहे आणि अंतिम योजनेची मुदत २०२६ची अखेर आहे. प्रत्येक देशाच्या ऊर्जा-हवामान आराखड्यावरही जनतेचं म्हणणं घ्यावंच लागतं. शेकडो पानं वाचत बसू नका. अनुक्रमणिका बघा, 'भाडेकरू' हा शब्द शोधा आणि तेवढा परिच्छेद तीनदा वाचा. तो शब्दच सापडला नाही, तर तुमची हरकत तीच.

खुद्द आयोगाच्या मुदती पाठ असू द्या. कायद्याचा विचार सुरू करताना आयोग जे टिपण काढतो त्यावर चार आठवडे, प्रश्नावलीला साधारण बारा, प्रस्ताव आल्यावर आठ. माझं मत विचाराल तर पहिले चार आठवडे सोडू नका, तेव्हा माती ओली असते. तिथे चार हजार अक्षरांचीच जागा मिळते, म्हणून पहिल्या ओळीत मागणी, मग खोलीची हकीकत, मग कुठलं वाक्य कसं बदलावं ते. संघाच्या चोवीस अधिकृत भाषांपैकी कुठलीही चालते. कच्चं लेखन खुशाल मराठीत करा, नंतर तिथल्या मित्राकडून भाषा तपासून घ्या. खातं आधीच उघडा. नाव जाहीर करायचं की नाही, हेही आधीच ठरवा.

एकट्याने लिहू नका. सोबत चौघं-पाचजण घ्या, आणि सगळेच विद्यापीठातले नकोत. हीट पंप (बाहेरची उष्णता आत ओढून घर तापवणारं यंत्र) बसवायचं काम शिकणारा, रात्रपाळी करून सकाळी थंड खोलीत झोपणारी, अशी माणसं हवीत. २०२१-२२च्या 'युरोपच्या भवितव्या'वरच्या परिषदेत सोडतीने निवडलेल्या नागरिकांपैकी एक तृतीयांश सोळा ते पंचवीस वयाचे होते, तेव्हा तरुणांना जागा द्यायची पद्धत नवी नाही.

कुणी बैठकीला बोलावलं तर जाण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: कुठला निर्णय अजून व्हायचा आहे, आमचं म्हणणं कोण वाचणार, आणि उत्तर कधी मिळणार. प्रवासखर्चही विचारा, त्यात लाज कसली? उत्तरं मिळाली नाहीत तर ते बोलावणं फोटोपुरतं आहे असं समजा आणि तो दिवस अभ्यासाला द्या. तरुणांनी नेटाने मांडलेलं म्हणणं कुठवर जातं याचं उदाहरण जर्मनीतच आहे. २०३०नंतरची प्रदूषणकारी वायूंची कपात मोघम ठेवणारा हवामान कायदा तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०२१मध्ये अंशतः घटनाबाह्य ठरवला. कारण आजचा भार उद्याच्यांच्या स्वातंत्र्यावर ढकलला जात होता. त्यानंतर सरकारने कार्बन-तटस्थतेचं (जेवढे वायू सोडले तेवढे शोषले जाण्याचं) वर्ष २०५०वरून २०४५वर आणलं. अर्जदारांत बांगलादेश आणि नेपाळमधली माणसंही होती. त्यांची मागणी मान्य झाली नाही, पण न्यायालयाने त्यांचं म्हणणं विचारात घेतलं.

घरी कुणी पोलाद किंवा ॲल्युमिनियमच्या निर्यातीत असेल, तर सीमेवरच्या कार्बन आकाराच्या, म्हणजे बाहेरून संघात येणाऱ्या मालावर त्याच्या निर्मितीतल्या कार्बनपोटी लागणाऱ्या रकमेच्या, मसुद्यांवरही नजर ठेवा. तिथे भारतातून आलेला अनुभव उपयोगी पडतो.

अर्ज पाठवल्यावर पोहोच जपून ठेवा. आयोग आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करतो. त्यात तुमचा मुद्दा आला का ते शोधा. नसेल तर तुमच्या भागातल्या युरोपीय खासदाराला पोहोच जोडून पत्र लिहा. थर्मामीटर खिडकीपाशीच राहू द्या, ऑक्टोबरपासून पुढच्या नोंदी लागतील.