झुरिकमध्ये गेनोसेनशाफ्टचं घर: भाडं कसं ठरतं, कसं तपासायचं आणि अर्ज कसा करायचा

झुरिकमध्ये घर शोधताय तर आधी हे लक्षात घ्या की शहरातलं साधारण दर चौथं घर नफा न कमावणाऱ्या मालकाचं आहे, म्हणजे गेनोसेनशाफ्ट (सहकारी गृहसंस्था), एखादी फाउंडेशन किंवा थेट महापालिका. २०११ मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलंय की २०५० पर्यंत भाड्याच्या घरांपैकी एक तृतीयांश अशी असायला हवीत. तरी आपले बरेच जण सगळा शोध खासगी एजन्सीच्या साइट्सवरच घेतात आणि मग पगाराचा मोठा घास भाड्यात जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण दुसरा रस्ता उघडा आहे, फक्त त्याची तयारी आधीपासून करावी लागते.

आपल्याकडे सोसायटी म्हटलं की फ्लॅट आपला आणि सोसायटी मेंटेनन्स घेणार. इथे तसं नाहीये. इमारत कायम संस्थेचीच राहते, तुम्ही मेंबर पण आणि भाडेकरू पण, आणि सभेत प्रत्येकाला एकच मत, मेंबर म्हणून घेतलेले शेअर्स कितीही असोत. मुंबईत गावदेवीला १९१५ ची सारस्वत सोसायटी सुरुवातीला याच धर्तीवर होती, म्हणजे कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. झुरिकची मोठी गेनोसेनशाफ्ट एबीझेड १९१६ ची आहे.

आता भाडं. त्याला इथे कोस्टेनमीटे म्हणजे खर्चापुरतं भाडं म्हणतात आणि त्याचा हिशोब कागदावर करता येतो, दोनच भाग आहेत. पहिला भाग म्हणजे जमीन आणि बांधकामाला जो खर्च आला त्यावरचं व्याज, आणि व्याजाचा दर सरकारी रेफरन्स रेट धरतात, जो दर तीन महिन्यांनी जाहीर होतो. दुसरा भाग म्हणजे इमारतीचा जेवढ्या रकमेचा विमा उतरवलाय त्या रकमेवर (विम्याची किंमत) ठराविक टक्के, त्यातून दुरुस्ती, घसारा, ऑफिस, टॅक्स सगळं भागवायचं. समजा एका फ्लॅटच्या वाट्याला ४ लाख फ्रँक खर्च आलाय आणि विम्याची किंमत ३ लाख आहे. रेट १.५ टक्के असेल तर व्याज ६,००० आणि दुसरा भाग ३.२५ टक्क्यांनी ९,७५०, एकूण वर्षाला १५,७५० म्हणजे महिन्याला साधारण १,३१२ फ्रँक. रेट १.२५ वर आला तर तेच भाडं १,२२९ च्या आसपास येतं. हीटिंग-पाण्याचे पैसे वेगळे, ते यात धरू नका.

यातली खरी ग्यानबाची मेख पहिल्या भागात आहे. जमिनीची किंमत तेव्हा जी मोजली तीच हिशोबात राहते, आज बाजारात ती दसपट झाली असली तरी भाड्याला त्याचं काही देणंघेणं नाही. म्हणून चाळीस-पन्नास वर्षं जुन्या इमारतीत घर मिळत असेल तर जुनं आहे म्हणून नाक मुरडू नका, सगळ्यात स्वस्त भाडी तिथेच असतात, नवीन कोऱ्या प्रोजेक्टमध्ये आजचा बांधकाम खर्च आणि जमिनीचा भाव दोन्ही बसलेले असतात. एक मात्र विचाराच, इमारत पाडून नवीन बांधायचा प्लॅन आहे का, किती वर्षांत.

भाडं वाढल्याची चिठ्ठी आली तर घाबरू नका आणि गप्पही बसू नका, ऑफिसला हिशोब मागा. रेफरन्स रेट डिसेंबर २०२३ मध्ये १.७५ होता, मार्च २०२५ मध्ये १.५ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १.२५ झाला, मग तुमच्या भाड्यात ही उतरण आली का हे मेंबर म्हणून विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

अर्जाचं म्हणाल तर बऱ्याच संस्थांनी वेटिंग लिस्ट बंद केल्यात, घर रिकामं झालं की वेबसाइटवर टाकतात आणि फॉर्म थोडेच दिवस उघडा असतो, म्हणून चार-पाच संस्थांचे न्यूजलेटर आजच सुरू करा. २०२४ च्या मोजणीत शहरात दहा हजार घरांमागे जेमतेम सात रिकामी होती, म्हणजे नकार येणारच, मनाला लावून घेऊ नका. फाइल तयार ठेवा: राहण्याच्या परमिटची कॉपी, सॅलरी स्लिप आणि कर्जवसुली ऑफिसचा ताजा दाखला की तुमच्यावर थकबाकी नाही. पत्र जर्मनमध्ये लिहा आणि दोन ओळी तरी मनापासून लिहा, की सगळे मिळून काम करायच्या दिवशी बागेत येईन, मुलांचा कार्यक्रम असेल तर स्वयंपाक करीन, कारण त्यांना नुसता भाडेकरू नको असतो.

खोल्यांचा नियम आधी वाचा. बहुतेक ठिकाणी माणसांपेक्षा एकच खोली जास्त चालते, आणि हॉल पण खोलीतच मोजतात, अर्धी खोली धरत नाहीत, म्हणजे नवरा-बायकोला तीन किंवा साडेतीन खोल्या, साडेचारसाठी मूल हवं. काही सबसिडीवाल्या घरांना उत्पन्नाची मर्यादा पण असते, जोडप्यात दोघंही आयटीत असाल तर त्या घरांच्या मागे वेळ घालवू नका.

शेअर्सचे पैसे घर मिळाल्यावर भरावे लागतात, जुन्या घराला काही हजार, नव्याला पंधरा-वीस हजार फ्रँकच्याही पुढे. एवढे हातात नसतील तर दुसऱ्या पिलरचे, म्हणजे पेन्शन फंडातले पैसे यासाठी काढता येतात, आणि घर विकत घेताना जी किमान २०,००० ची अट असते ती गेनोसेनशाफ्टच्या शेअर्सना लागू नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. घर सोडलं की मूळ रक्कम परत मिळते, नफा नाही, आणि पेन्शनमधून काढलेली असेल तर ती तिकडेच परत जाते. पण संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) ही परतफेड तीन वर्षांपर्यंत लांबवायची सोय असू शकते, त्यामुळे भारतात परतायचं ठरलं असेल तर ते कलम सही करायच्या आधी वाचा.